चार्ल्स कॅल्हून नावाचा माणूस कोण होता?

प्रश्न असा आहे: “आमच्या बँडमध्ये आम्ही ‘शेक, रॅटल अँड रोल’ बसवतो आहोत. गाण्याखाली चार्ल्स ई. कॅल्हून असं नाव आहे, पण त्याची कुठे धड माहिती मिळत नाही. हा कोण? आणि तीन कॉर्डचं गाणं असूनही ते आमच्याकडून रंगत का नाही?”

चार्ल्स कॅल्हून हे टोपणनाव आहे. त्यामागचा माणूस जेसी स्टोन. मी गेली तीसेक वर्षं बेस वाजवतो आणि दुसऱ्यांच्या गाण्यांचे पार्ट, म्हणजे कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते, लिहितो. या धंद्यात ज्यांचं ऋण मी रोज मानतो, त्यांत हा माणूस फार वरचा आहे. तुमच्या दोन प्रश्नांचं उत्तरही एकच आहे. ते गाणं सोपं ‘झालेलं’ नाही. ज्याला अवघड लिहिता येत होतं अशा माणसाने ते विचार करून सोपं केलेलं आहे. ती साधी जागा कुठून आली हे कळलं, की गाणंही बसेल.

जेसी स्टोनचा जन्म १६ नोव्हेंबर १९०१ चा, कॅन्सस राज्यातल्या ॲचिसन गावचा. आजी-आजोबांच्या पिढीने गुलामगिरी पाहिलेली. घरचे सगळे फिरत्या मिन्स्ट्रेल खेळात, म्हणजे गावोगाव जाऊन नाच, गाणी, नकला करणाऱ्या मंडळींत. चार-पाच वर्षांचा जेसी शिकवलेल्या कुत्र्यांचा खेळ घेऊन रंगमंचावर उभा राहायचा. ही गोष्ट नुसती गंमत म्हणून सांगत नाही. समोरचा प्रेक्षक कुठे हसतो, कुठे कंटाळतो, हे ज्याला अक्षरं गिरवण्याच्या वयात कळलं, तो पुढे गाणं लिहिताना कधीच स्वतःसाठी लिहीत नाही. स्टोनच्या प्रत्येक गाण्यात समोर कोणीतरी उभं आहे असं वाटतं, त्याचं मूळ मला इथेच दिसतं.

विशीत त्याने स्वतःचा बँड काढला, ‘ब्लूज सेरेनेडर्स’. १९२७ मध्ये सेंट लुईसला ओके या रेकॉर्ड कंपनीसाठी त्यांनी ‘स्टार्वेशन ब्लूज’ ध्वनिमुद्रित केलं. ते जरूर ऐका. ब्रासची बांधणी, आवाजांचे थर, एका वाद्याने टाकलेला तुकडा दुसऱ्याने उचलणं, हे सगळं कागदावर लिहिलेलं आहे, आणि लिहिणारा पंचविशीतला आहे. पुढची काही वर्षं तो कॅन्सस सिटीत पियानो वाजवत होता आणि जॉर्ज ई. ली यांच्यासारख्यांच्या बँडसाठी अरेंजमेंट, म्हणजे गाण्याची वाद्यांमधली वाटणी, लिहीत होता. ते शहर तेव्हा रात्रभर जागं असायचं आणि बँडची बँडशी जुंपायची. तिथे टिकायचं तर हात तयार लागतो.

मग न्यूयॉर्क. हार्लेमच्या अपोलो थिएटरचं काम, बँडसाठी पार्ट लिहिणं, विनोदी प्रवेशांसाठी गाणी जुळवणं. या काळातली एक आठवण स्टोन पुढे सांगत असे. कोल पोर्टरने त्याला विचारलं, गाणी लिहिताना कुठली हत्यारं वापरतोस? स्टोनला प्रश्नच समजला नाही. पोर्टरचं म्हणणं, खड्डा खणायचा तर फावडं लागतं ना? आणि त्याने यमकांच्या कोशासारखी पुस्तकं वापरण्याची सवय त्याला लावली. ब्रॉडवेचा सगळ्यात नजाकतीचा गीतकार आणि कॅन्ससच्या तंबूतून आलेला हा अरेंजर यांच्यातला हा धागा मला फार प्रिय आहे. स्टोनच्या ‘साध्या’ ओळी मोजूनमापून बसवलेल्या असतात, त्या याच सवयीने.

१९४२ मध्ये त्याचं ‘आयडाहो’ हे गाणं बेनी गुडमनसह बऱ्याच मोठ्या बँडांनी वाजवलं. त्याच सुमारास तो ‘इंटरनॅशनल स्वीटहार्ट्स ऑफ रिदम’ या फक्त स्त्रियांच्या बँडचं संगीत सांभाळत होता. तिथली गायिका एव्हलिन मॅगी. त्या दोघांनी लग्न केलं ते १९७५ मध्ये, तीसेक वर्षांनी.

इथपर्यंत बघितलं तर स्विंगच्या, म्हणजे मोठ्या बँडांच्या नाचाच्या जॅझच्या, एका कसलेल्या अरेंजरची ही कारकीर्द. चाळिशी उलटलेली, नाव बेताचं, हात पक्का. इथेच तो थांबला असता तर मी हे लिहीत बसलो नसतो.

१९४७ मध्ये अहमत एर्टेगन आणि हर्ब अब्रामसन यांनी न्यूयॉर्कला अटलांटिक रेकॉर्ड्स सुरू केली. एर्टेगन तुर्की राजदूताचा मुलगा, ब्लूजचा वेडा, पण नोटेशन लिहिता येत नव्हतं. अब्रामसन आणि स्टोन यांची जुनी ओळख होती. कंपनीला कान होते, लिहिणारा हात हवा होता. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचं ऑफिस २३४ वेस्ट ५६ व्या रस्त्यावर होतं, पॅट्सीज नावाच्या रेस्टॉरंटच्या वरच्या मजल्यावर. दिवसा तिथे टेबलांवर बिलं आणि फोन. रेकॉर्डिंगची वेळ झाली की टेबलं भिंतीला सारायची, एकावर एक चढवायची, आणि टॉम डाउड नावाचा तरुण इंजिनियर माइक मांडायचा. ज्या आवाजाला आज आपण अख्खी शैली म्हणतो, तो अशा सरकवलेल्या टेबलांच्या मधोमध तयार झाला. स्टोन त्या खोलीत पार्ट लिहून आणायचा, गायकांच्या तालमी घ्यायचा, पियानोवर बसायचा.

सुरुवातीला रेकॉर्ड खपत नव्हत्या. १९४९ च्या सुमारास एर्टेगन, अब्रामसन आणि स्टोन दक्षिणेत फिरायला गेले, तिथली पोरं कशावर नाचतात ते बघायला. स्टोनने पुढे मोकळेपणाने सांगितलं आहे की ते संगीत त्याला आधी मागासलेलं वाटलं. त्याच्या लिखाणात इतकं काही होतं, आणि इथे तर दोन-तीन कॉर्ड आणि धडधड. मग त्याच्या लक्षात आलं की नाचणाऱ्याला पाय टाकायला जे लागतं ते सगळं तिथे आहे, आणि आपल्या सुंदर अरेंजमेंटमध्ये नेमकं तेच हरवलं आहे.

सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांच्या, वीस वर्षं पार्ट लिहून हात घोटलेल्या माणसाने हे कबूल करणं म्हणजे काय, ते पार्ट लिहिणाऱ्यालाच कळेल. मला आठवतं, तरुणपणी मी एका गाण्यासाठी बेसची अशी लाइन लिहून नेली होती की प्रत्येक बारमध्ये, म्हणजे चार ठोक्यांच्या प्रत्येक घरात, काहीतरी वेगळं. संगीतकारांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “छान आहे. आता यातलं निम्मं काढ, मग राहिलेल्यातलं निम्मं.” घरी येईपर्यंत मी नाराज होतो. दुसऱ्या दिवशी टेक ऐकला तेव्हा गायिकेचा आवाज पहिल्यांदा मोकळा ऐकू आला. तिथे मला स्टोन समजला.

परत आल्यावर त्याने बेसचा एक साचा तयार केला. तोंडाने म्हणून दाखवायचा झाला तर साधारण असा: दू, द-दू, दम. दू, द-दू, दम. मोजून बघायचं असेल तर आठ मात्रा घ्या आणि त्या तीन-तीन-दोन अशा पाडा: एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन. प्रत्येक गटाच्या पहिल्या मात्रेवर बेस. वर ड्रमर चारच्या ठेक्यात दोन आणि चारवर स्नेअर मारतो. बेस एक मोजतो आणि स्नेअर दुसरं, आणि दोघं समेवर भेटतात. त्या ओढाताणीतून नाच निघतो. स्विंग बँडमधला बेस प्रत्येक ठोक्याला एक पाऊल टाकत चालत राहायचा. स्टोनच्या बेसला तोंडपाठ होईल अशी चाल मिळाली.

हे एकट्या स्टोनने शोधलं असं मी म्हणणार नाही. न्यू ऑर्लीन्सला डेव्ह बार्थोलोम्यू हा बँडनेता त्याच सुमारास रुंबाच्या रेकॉर्डवर ऐकलेला बेस सॅक्सोफोनना लिहून देत होता. तीन-तीन-दोन ही विभागणी क्यूबा आणि कॅरिबियनमध्ये आधीपासून होतीच. पण न्यूयॉर्कच्या स्टुडिओत, नोटेशन वाचणाऱ्या वादकांपुढे तो साचा कागदावर मांडून रेकॉर्डमागून रेकॉर्ड वापरणं, हे स्टोनचं काम. एर्टेगननेही पुढे रॉक अँड रोलच्या मूळ आवाजाचं सर्वांत मोठं श्रेय स्टोनलाच दिलं.

१९४९ मध्ये फ्रँक कली या सॅक्सोफोन वादकाचं ‘कोल स्लॉ’ चाललं. ती चाल स्टोनचीच, ‘सॉर्गम स्विच’ या नावाने १९४२ मध्ये आलेली. जुनाच कपडा, नव्या मापाने शिवलेला. दोन्ही लागोपाठ ऐका. सात वर्षांत त्याने काय काढून टाकलं ते ऐकू येतं.

१९५३ चं ‘मनी हनी’ हे माझ्या मते त्याचं सर्वांत नीट रचलेलं गाणं. क्लाइड मॅकफॅटर आणि ड्रिफ्टर्सनी ते गायलं आणि ते रिदम अँड ब्लूजच्या, म्हणजे कृष्णवर्णीय श्रोत्यांमध्ये चालणाऱ्या गाण्यांच्या, यादीत ११ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. गोष्ट एवढीच: घरमालक भाड्यासाठी दार वाजवतो आहे. नायक प्रेयसीकडे हात पसरतो, तीही त्याला तेच दोन शब्द ऐकवते. शेवटी त्यालाही शहाणपण सुचतं ते याच दोन शब्दांत. म्हणजे मुखड्याचे शब्द बदलत नाहीत, प्रत्येक अंतऱ्यानंतर ते म्हणणारा बदलतो आणि अर्थ उलटतो. गाणी लिहिणाऱ्या प्रत्येकाला मी हे गाणं वहीत उतरवून काढायला सांगतो. मुखडा परत येताना जड कसा होत जातो, हे याहून स्वच्छ दाखवणारं उदाहरण माझ्याकडे नाही. आणि त्यात घरभाडं आहे, रिकामा खिसा आहे. ज्या वस्तीत ही रेकॉर्ड वाजत होती, तिथल्या लोकांना भाड्याची तारीख सांगावी लागत नव्हती. पुढच्या वर्षी क्लोव्हर्स या गाणाऱ्या मंडळींसाठी त्याने लिहिलेलं ‘युअर कॅश एंट नथिंग बट ट्रॅश’सुद्धा पैशाभोवतीच फिरतं. तरुण रे चार्ल्सला त्याने १९५३ मध्ये ‘लूझिंग हँड’ दिलं, पत्त्यांत हरणाऱ्या माणसाच्या भाषेत प्रेम हरल्याचं गाणं. त्याचा वेग इतका संथ आहे की दोन ओळींमधली शांतता मोजता येते.

आता तुमचं गाणं. १९५४ च्या सुरुवातीला एर्टेगनने स्टोनला सांगितलं की बिग जो टर्नरसाठी जलद चालीचा ब्लूज लिही. टर्नर कॅन्सस सिटीचा, बारमध्ये दारू देता देता गाणारा, माइकशिवाय खोली भरून टाकणारा आवाज. स्टोनला ती जात घरातली. ‘शेक, रॅटल, रोल’ हे शब्द फासे खेळणाऱ्यांच्या तोंडचे, १९१९ च्या एका गाण्यातही येऊन गेलेले. रेकॉर्डिंग १५ फेब्रुवारी १९५४ ला न्यूयॉर्कमध्ये झालं. सॅक्सोफोनवर सॅम टेलर, ड्रम्सवर कॉनी के. मुखड्याला मागे जो पुरुषांचा आरडाओरडा आहे तो एर्टेगन, कंपनीत नुकताच भागीदार झालेला जेरी वेक्सलर आणि स्वतः स्टोन यांचा. जूनमध्ये गाणं रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिलं आलं.

त्याच जूनच्या ७ तारखेला बिल हेली या गोऱ्या गायकाने त्याच गाण्याची आपली आवृत्ती रेकॉर्ड केली आणि ती पॉपच्या यादीत सातव्या क्रमांकापर्यंत गेली. हा फरक तुम्ही जवळून बघा. टर्नरच्या पहिल्या अंतऱ्यात बाईला सांगितलंय, अंथरुणातून उठ, हात-तोंड धू, मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी वाजव. हेली अंथरूण वगळून थेट स्वयंपाकघरात जातो. टर्नरकडे तिच्या झग्यातून ऊन आरपार दिसतं. हेलीकडे त्या जागी तिचे नीट विंचरलेले केस येतात. गोऱ्या रेडिओ स्टेशनांना चालावं म्हणून ही झाडपूस झाली. पण मासळीच्या दुकानात डोकावणाऱ्या एकडोळ्या मांजराची ओळ मात्र तशीच राहिली, आणि सगळ्यात चावट ओळ तीच होती. ती कोणाच्या लक्षात आली नाही की मुद्दाम राहू दिली, काहीही असो, स्टोनच्या लिखाणाची ताकद तिथे दिसते. वरचा अर्थ इतका चित्रासारखा स्वच्छ की खालचा झाकला जातो.

तुमच्याकडून ते का रंगत नाही? रेकॉर्डिंग ऐकल्याशिवाय खात्रीने सांगणार नाही, पण या गाण्यात बँड जिथे अडकतात त्या जागा मला ठाऊक आहेत. पहिली जागा म्हणजे ओळींमधली मोकळी जागा. प्रत्येक अंतरा १२ बारांचा, तीन ओळींचा: एक ओळ, तीच पुन्हा, मग उत्तर. प्रत्येक ओळीच्या वाट्याला चार बार येतात, पण गाणारा साधारण निम्म्यातच संपवतो. उरलेली जागा सॅक्सोफोनची. आपले गिटारिस्ट तिथे आधीपासूनच वाजवत असतात, त्यामुळे प्रश्न आणि उत्तर असं काही उरतच नाही. गायक गात असताना गिटार पूर्ण बंद ठेवून बघा. दुसरी जागा ड्रमरची. या गाण्यातले बारीक ठोके सरळ नाहीत, झुलते आहेत, लांब-आखूड, लांब-आखूड. सरळ रॉकच्या ठोक्यात वाजवलं की गाणं लाकडी होतं. तिसरी, तुम्ही बहुधा हेलीच्या वेगाने सुरू करता. टर्नरचा वेग बराच कमी आहे. त्या वेगात दोन आणि चारवरचा ठोका जड पडतो, आणि तो जडपणा म्हणजेच ते गाणं. बेसवाल्याला सांगा, दोन आठवडे एकही जादा सूर नको.

टोपणनावाचं कारण कागदोपत्री आहे. अमेरिकेत गाण्यांचं मानधन गोळा करणाऱ्या दोन मोठ्या संस्था, आपल्याकडे आयपीआरएस करते तसं काम करणाऱ्या. ॲस्कॅप १९१४ ची, ब्रॉडवे आणि नाणावलेल्या संगीतकारांची. बीएमआय १९३९ ची, रेडिओ कंपन्यांनी काढलेली. ब्लूज आणि गावाकडचं संगीत लिहिणाऱ्यांना ॲस्कॅपची दारं बरीचशी बंद होती, म्हणून ते सगळं बीएमआयकडे गेलं, आणि अटलांटिकची गाणीही तिथेच नोंदली जायची. स्टोन होता ॲस्कॅपचा सभासद. एकाच नावाने दोन्हीकडे नोंद करता येत नव्हती. म्हणून ‘आयडाहो’ लिहिणारा जेसी स्टोन आणि ‘शेक, रॅटल अँड रोल’ लिहिणारा चार्ल्स कॅल्हून असे एकाच माणसाचे दोन भाग झाले. एर्टेगनही स्वतःची गाणी नाव उलटं करून ‘नुगेत्रे’ म्हणून लिहायचा, पण त्याचं खरं नाव कंपनीच्या दारावर होतं. स्टोनचं नव्हतं. मला हे आजही लागतं. लोकांनी त्याला विसरलं असं म्हणता येत नाही, कारण ज्या गाण्यांवर ते नाचले त्यांतल्या बऱ्याच गाण्यांवर त्याचं खरं नावच छापलं गेलं नव्हतं.

२८ जानेवारी १९५६ ला एल्विस प्रेस्ली पहिल्यांदा देशभरच्या टीव्हीवर दिसला. त्याने ‘शेक, रॅटल अँड रोल’ गायलं आणि त्याला जोडून ‘फ्लिप, फ्लॉप अँड फ्लाय’चा तुकडा घेतला. दोन्ही कॅल्हूनची. त्याच्या पहिल्या एलपीवर ‘मनी हनी’ आहे. १९६० मध्ये ‘लाइक अ बेबी’ गायलं, तेही स्टोनचं. हेलीचं ‘रॅझल-डॅझल’ त्याचं, रॉय हॅमिल्टनचं ‘डोन्ट लेट गो’ त्याचं. तोवर ही लाट सगळीकडे पोचली होती. १९५७ च्या ‘आशा’ चित्रपटात आपल्या सी. रामचंद्रांनी ‘ईना मीना डिका’ला दिलेला ठेका त्याच लाटेवर आलेला आहे.

पुढे स्टोन अटलांटिकमधून बाहेर पडला, कॅल्हून याच नावाने स्वतःच्याही काही रेकॉर्ड केल्या, गाणी लिहीत राहिला. शेवटची वर्षं एव्हलिनसोबत फ्लोरिडात गेली. १ एप्रिल १९९९ ला ऑल्टामाँट स्प्रिंग्जला तो वारला, ९७ वर्षांचा होऊन. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं २०१० मध्ये. ज्या पुरस्काराखाली लागलं, त्याला नाव अहमत एर्टेगनचं आहे.

तेव्हा कार्यक्रमाच्या परवान्याचा अर्ज भरताना गाण्यापुढे चार्ल्स कॅल्हूनच लिहा, नोंद त्याच नावाने आहे. पण स्टेजवर गाणं सुरू करण्याआधी माइकवर जेसी स्टोन म्हणा. आणि मग टर्नरच्या वेगात चार मोजा.